कॅसेट कुठे थांबवू?

नारायणगाव
९ फेब्रुवारी १९९७

शीलाताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, महाळुंग्याला घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या चुलतभावाने बारावीनंतर पहिल्यांदाच एवढं लांब काही लिहायला घेतलंय. हसायचं तर एकटीने हस, सोलापूरच्या तुझ्या कॉलेजात वाचून दाखवू नकोस.

कारण असं, की माझी अब्रू गेली. लग्नाच्या कॅसेटमध्ये पाठवणीला नवरी रडायला लागली की मी तिथे पिंजऱ्यातून पोपट उडाल्याचं चित्र टाकतो. पुण्याच्या मिक्सिंगवाल्याकडे अशी चित्रं तयारच असतात. पोपट, गुलाब, दोन हंस, फुटणारे बदाम, काय पाहिजे ते. मागच्या महिन्यात मंचरच्या एका घरी भाड्याचा व्हीसीआर आणून चाळीस-पन्नास माणसं कॅसेट बघायला बसली. पोपट उडाला तसे नवऱ्याचे आजोबा उठले आणि म्हणाले, "पोपट कुनी दिला व्हता आहेरात? घरात तर कुठं दिसला न्हाई!" त्यावरून आहेराची यादी निघाली. तेवढ्यात नवरीचा भाऊ तापला. "आमच्या घरी काय ती पिंजऱ्यात व्हती का?" दोन्ही व्याही तीन दिवस बोलत नव्हते. शेवटी पोपट काढून तिथे नवरीच्या मामाला घातलं, तेव्हा कुठे मिटलं.

आता तू मला सांग. कवितेत एक वस्तू दाखवायची आणि सांगायचं भलतंच, हे तुम्ही लोक कसं जमवता? पोरांना तू हेच शिकवतेस ना? मला पण शिकव. लोक तोंडं बघायला कॅसेट लावतात हे मला ठाऊक आहे. पण एखादी तरी अशी करावी असं वाटतं, की बघून तू म्हणशील, भरत वाया गेला नाही.

तुझा
भरत

•

सोलापूर
२१ फेब्रुवारी १९९७

प्रिय भरत,

पत्र स्टाफरूममध्ये वाचलं नाही, असं खोटं कशाला सांगू? पोपटापर्यंत वाचलं. आमच्या इतिहासाच्या बाई चहा सांडेपर्यंत हसल्या.

पण नवरीचा भाऊ तापला, तो बरोबर तापला. तुझ्या पोपटाचा अर्थ त्याला लागला आणि तो अर्थ त्या घराला लागू नव्हता. पोपट तू बाहेरून आणलास, तो कुठल्याही लग्नात उडतो. रूपक त्याच घरात कुठेतरी पडलेलं असतं, भिंतीला, चुलीपाशी, गोठ्यात. ते शोधावं लागतं.

एक उदाहरण देते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने वडील गेल्यावर कविता लिहिली. वडील गेले हे तिच्यात कुठेच नाही. फक्त उंबऱ्याला टेकलेली सायकल आहे आणि तिच्या चाकातलं वारं गेलंय. अख्ख्या वर्गाने ती वहीत उतरवून घेतली. तिने रडं लिहिलं असतं तर पोरांनी वह्या मिटल्या असत्या.

कॅमेऱ्यालाही हेच लागू आहे. रडणारं तोंड दाखवलंस की बघणाऱ्याला काही काम उरत नाही. तोंड काढ, वस्तू ठेव. आणि सगळी कॅसेट एकाच आशयाला धरून राहू दे. मुलगी जाते म्हणजे त्या घरातून काय जातं, एवढंच धर आणि बाकीचं सोड. एकदा करून बघ आणि मला पाठव. मास्तरीण आहे मी, तपासल्याशिवाय सोडायची नाही.

तुझी
शीलाताई

•

नारायणगाव
२ जुलै १९९७

शीलाताई,

सोबत कॅसेट पाठवतोय. मे महिन्यात घाटघरला, नाणेघाटाच्या तोंडाशी, एक लग्न घेतलं त्याची. नवरी रत्ना, तिचे वडील सावळेराम, भात आणि नाचणी करणारं डोंगरातलं घर. नवरा जुन्नरला कारकून आहे. त्याचे वडील हौशीराम गुरुजी, रिटायर हेडमास्तर. मूळचे तेही त्याच बाजूचे, पण तीस वर्षं जुन्नरात राहिलेले. कॅसेटचं काम त्यांनी सांगितलं होतं.

तुझं पत्र खिशात घालूनच गेलो होतो. सकाळीच सगळं घर हिंडून वस्तू घेतल्या. भिंतीला इरलं टांगलेलं होतं. भातलावणीला डोक्यावरून पाठीवर घेतात ते, पानांचं. अंगणात वाळत घातलेला हिरडा, कमरेला कोयता अडकवायची आकडी, कुणीतरी अर्धा पिऊन ठेवलेला चहा.

कॅसेटमध्ये नवरीचे वडील कुठेच नाहीत. जिथे जिथे ते असायला पाहिजेत तिथे यातलं काहीतरी आहे. जावयाचे पाय धुतात तेव्हा नुसतं परातीतलं पाणी. पाठवणीला पोरगी वाकून पाया पडते आणि पुढे इरलं येतं.

कसं सुचलं ते विचारू नकोस. जमलंय का ते सांग. गुरुजींकडे सगळ्यांना आवडली, कुणी काही विचारलं नाही.

तुझा
भरत

•

सोलापूर
३ ऑगस्ट १९९७

भरत, अरे काय केलंस तू हे!

कॅसेट तीनदा पाहिली. पहिल्यांदा एकटीने, मग आमच्या विभागातल्या दोघींना बसवून, मग पुन्हा एकटीने. पहिल्यांदा मला वाटलं तू वडिलांना विसरलास. आई दिसते, मामा दिसतात, करवल्या दिसतात. बापाची वाट बघत मी बसले. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की ही वाट बघणं हाच कॅसेटचा आशय आहे.

इरलं बघ. पावसात ते माणसाला झाकतं, म्हणजे ते पांघरून असलेला माणूस लांबून दिसतच नाही, इरलंच चाललंय असं वाटतं. बाप असाच असतो. सगळ्या घरावर आच्छादन धरतो आणि स्वतः दिसत नाही. उन्हाळ्यात, लग्नाच्या दिवशी, त्याचं काम संपलंय, म्हणून ते भिंतीला रिकामं टांगलेलं. मुलगी पाया पडते ती त्या रिकामेपणाच्या! आणि तो अर्धा चहा. ज्याला बसून चहा संपवायलाही सवड नाही असा यजमान. आकडी आहे, कोयता नाही. कापणारा माणूस आज स्वतःच आपल्या घरातलं काहीतरी तोडून देतोय. भरत, हे तुला कळून केलंस की न कळून, मला पर्वा नाही. सावळेराम कुठेच दिसत नाहीत आणि म्हणूनच ते सगळीकडे आहेत.

पुढच्या महिन्यात पुण्याला चर्चासत्र आहे. कवितेतली आणि चित्रपटातली प्रतिमा असा विषय आहे. मोठमोठ्या चित्रपटांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी घाटघरच्या लग्नाच्या कॅसेटवर बोलणार. तू यायचंस.

किती अभिमान वाटतोय म्हणून सांगू!

शीलाताई

•

नारायणगाव
२० ऑगस्ट १९९७

शीलाताई,

पुण्याला मला जमणार नाही, गणपतीची कामं आहेत. आणि दुसरं म्हणजे त्या माणसांची नावं घेऊ नकोस. गावाचं पण नको. माझंही नाही घेतलंस तरी चालेल. एवढं काही मी केलेलं नाही. तू लिहिलंयस तसलं डोक्यात नव्हतं माझ्या. शक्य असेल तर त्या लग्नाऐवजी दुसऱ्या कशावर तरी बोल ना.

भरत

•

सोलापूर
१४ जानेवारी १९९८

भरत,

तीळगूळ आणि सोबत त्रैमासिकाचा अंक. पान चाळीस बघ. "न दिसणारा बाप". चर्चासत्रात टाळ्या थांबत नव्हत्या, संपादकांनी तिथेच लेख मागून घेतला. तुझा विनय कळला, पण मी मानला नाही. नाव घातलंय तुझं, आणि सावळेरामांचंही. ज्यांच्यावर लिहायचं त्यांची नावं लपवायची हा कुठला न्याय? दुकानात लाव हा लेख, गिऱ्हाइकांना कळू दे.

शीलाताई

•

जुन्नर
६ नोव्हेंबर १९९९

शीलाबाईंना नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. मी रत्ना, घाटघरच्या सावळेरामांची मुलगी. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकले. माझ्या लग्नाच्या कॅसेटवर तुम्ही लिहिलंय. नारायणगावला शूटिंगवाल्या भाऊंच्या दुकानात तो लेख आत भिंतीवर काचेत लावलाय. मागच्या आठवड्यात गेले होते तेव्हा उभ्याने वाचला. खाली तुमच्या कॉलेजचं नाव होतं, म्हणून त्या पत्त्यावर लिहिते.

माझे बाबा श्रावणात वारले. तापाचं निमित्त झालं. जुन्नरला आणेपर्यंत गेले. त्यांचा फोटो नाही. मतदानाचे फोटो काढायला माणसं आली त्या दिवशी ते हिरड्याला रानात होते. लग्नात फोटोवाला वेगळा सांगितला नव्हता, शूटिंग आहे म्हणून. दशक्रियेला लोकांनी विचारलं, फोटो कुठंय, हार कशाला घालायचा? आईने पाटावर त्यांचं मुंडासं ठेवलं.

आई रोज म्हणते, "रत्ने, तुज्या कॅशेटीत आसन की गं. येवढं तीन घंटे चालतीय ती." इथले एक फोटोवाले आहेत. ते म्हणाले, कॅसेट लावा, तुमचे वडील येतील तिथे थांबवा, मी टीव्हीवरनं फोटो काढून मोठा करून देतो. म्हणून मी कॅसेट पुन्हा पुन्हा लावली. एका ठिकाणी कडेला पांढऱ्या बाहीचा तुकडा दिसतो. मला वाटलं बाबा. पण आईला आणून दाखवलं तर ती म्हणाली, ही बाही ठकूबाईच्या नवऱ्याची, तुझ्या बाच्या बाहीला बटण नव्हतं.

शूटिंगची मूळची, न कापलेली कॅसेट मागायला मी नारायणगावला गेले. भाऊ शूटिंगला गेलेत असं गल्ल्यावर बसलेल्या त्यांच्या बायकोने सांगितलं. तासभर थांबले, मग तुमचा लेख वाचला. तुम्ही लिहिलंय की सावळेराम त्यात सगळीकडे आहेत. बाई, तुम्ही खूप शिकलेल्या आहात. तुम्हाला दिसतंय ते मला दिसत नसेल. तुम्ही फक्त एवढं सांगा, की मी कॅसेट कुठे थांबवू?

उत्तरासाठी पाकीट सोबत ठेवलंय, त्यावर तिकीट लावलेलं आहे.

आपली नम्र
रत्ना

•

सोलापूर
१३ नोव्हेंबर १९९९

भरत,

सोबत रत्नाच्या पत्राची झेरॉक्स आहे. वाच. वाचून झालं की मूळ कॅसेट शोध आणि आजच्या आज तिला नेऊन दे. सावळेरामांचं काय काय घेतलं होतंस ते मला कळव. चार दिवस झाले, मी या पत्रापुढे बसलेय आणि मला एक ओळ लिहिता येत नाही. "कुठे थांबवू" याला मी काय उत्तर देऊ?

शीलाताई

•

नारायणगाव
२७ नोव्हेंबर १९९९

ताई,

मूळ कॅसेट नाही. घाटघरच्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी तिच्यावरच येडगावचं लग्न घेतलं. आमच्या धंद्यात सगळे तसंच करतात. मिक्सिंग झालं की जुन्यावर नवं घ्यायचं. तुझं पत्र आल्यावर मी ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. येडगावचा वाजंत्री आहे, जेवणावळ आहे. घाटघरचं काही राहिलेलं नाही.

आता जे तुला अडीच वर्षं सांगितलं नाही ते सांगतो. बापाला दाखवायचं नाही हे मला सुचलेलं नव्हतं. इरलं मी सकाळी घेतलं होतं ते बापाबरोबर दाखवायला. बापाच्या जागी लावायला नाही.

पाठवणीच्या वेळी सावळेराम रडले. तसं रडताना मी माणूस बघितलेला नाही. मांडवाच्या मधोमध उभे, तोंड उघडं, दात नाहीत, नाक वाहतंय, मुंडासं सुटून खांद्यावर आलेलं, पाय उघडे. आणि आवाज असा की बैल हंबरतो तसा. वऱ्हाडातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी सगळं घेतलं. जवळ जाऊन घेतलं. मग जीपमध्ये बसलो. मी पुढे ड्रायव्हरपाशी, मधे गुरुजी, मागे नवरा-नवरी. घाटघरची शेवटची घरं मागे पडली तसे गुरुजी म्हणाले, "शूटिंगवाले, ती म्हाताऱ्याची रडारड काढून टाका. आमच्याकडं चार मान्सं बघनारेत. आन् तेवढीच न्हाई, जिथं जिथं ते आनवानी मधी मधी येतेत, तिथंबी काढा." मी "बरं" म्हणालो. त्यांच्या घरात अजून दोन लग्नं व्हायची होती. एवढंच कारण.

मग कापाकापी करताना जिथे भोक पडलं तिथे सकाळच्या वस्तू बुजवल्या. अर्धा चहा माझाच होता. त्यात माशी पडली म्हणून ठेवला होता. आकडी घेतली तेव्हा कोयता कुठे होता मला माहीत नाही. तू त्यावर चार पानं लिहिलीस आणि मला इतकं बरं वाटलं, ताई, की मी गप्प बसलो. नाव घालू नको म्हणालो, पण खरं काय ते म्हणालो नाही. आणि लेख आल्यावर काचेत लावला. तू सांगितलं म्हणून नाही. मला पाहिजे होता म्हणून.

रत्ना दुकानात आली तेव्हा मी शूटिंगला गेलो नव्हतो. पडद्याच्या मागे होतो. गल्ल्यावर वृषाली होती, तिला खुणेने सांगितलं, नाही म्हण. ती पोरगी काचेपुढे उभी राहून लेख वाचत होती, बोटाने ओळ धरून. मला तिची पाठ दिसत होती. तासभर मी खोकलासुद्धा नाही.

आणखी एक. वरात निघायच्या आधी सावळेराम माझ्याकडे आले होते. कॅमेऱ्याला हात न लावता, हात मागे बांधून, चारी बाजूंनी बघून म्हणाले, "भाऊ, आमीबी दिसनार का यात?" मी म्हणालो, "दिसनार म्हंजे काय बाबा, सगळ्यात जास्ती तुमीच."

त्या पोरीला काय सांगायचं ते तू ठरव. गुरुजींचं नाव सांगितलंस तर तिला त्याच घरात राहायचंय. माझं नाव सांग, मी नाही म्हणणार नाही. लेख काचेतून काढलाय.

भरत

•

सोलापूर
१० डिसेंबर १९९९

रत्ना,

उत्तराला महिना लावला. टपालाचा दोष नाही. मला धीर होत नव्हता.

कॅसेट कुठेच थांबवू नका. तुमचे वडील तिच्यात नाहीत. ते सगळीकडे आहेत असं मी लिहिलं, ते खोटं होतं. मी घाटघर पाहिलेलं नाही. इरलं मी चित्रातच पाहिलं होतं. तुमच्या वडिलांना पाहिलं नव्हतं, त्यांचा स्वभाव, त्यांची उंची, त्यांचा आवाज, काही मला माहीत नव्हतं आणि माहीत नाही हे मला अडलंही नाही. उलट ते नाहीत म्हणून मला लिहायला जागा मिळाली. पुण्याला माझ्यासाठी टाळ्या वाजल्या त्या आठवल्या की आता मान वर करवत नाही. तुम्ही तो लेख दुकानात उभ्याने वाचलात हे मला रोज आठवतं.

वडिलांना वगळायचं, हे माझ्या सांगण्यावरून झालं. भरत माझा चुलतभाऊ. त्याला मी पत्राने शिकवलं होतं, की रडणारं तोंड काढ आणि वस्तू ठेव. त्याने माझं ऐकलं. दुसऱ्या कुणाचा यात काही संबंध नाही. मूळ कॅसेटही उरलेली नाही, तिच्यावर दुसरं लग्न घेतलं गेलं. आम्हा दोघांची ही चूक भरून येणारी नाही हे मी जाणते. त्रैमासिकाला लेख मागे घेत असल्याचं कळवलं आहे. त्याने तुम्हाला काही मिळणार नाही.

तुमच्या आईंची मी क्षमा मागते. तुम्ही यायला परवानगी दिलीत तर घाटघरला येऊन समोर मागेन.

शीला

•

जुन्नर
२ जानेवारी २०००

शीलाबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ते आईला वाचून दाखवलं नाही. फोटो निघणार नाही एवढंच सांगितलं. ती म्हणाली, मंग ऱ्हाऊ दे.

बाई, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही असं तुम्ही लिहिलंत. माझा संसार मोडू नये म्हणून लिहिलंत, ते कळलं. पण जीपमध्ये मी होते. सासरे बोलले ते मी ऐकलं. बोलून झाल्यावर त्यांनी मागे वळून मला विचारलं, "काय गं पोरी, बरोबर हाय ना?" भाऊ पुढे बघत होते, त्यांना दिसलं नसेल. मी मान हलवली. हो म्हणून.

मला कुणी दम दिला नव्हता. सासरे वाईट वागत नाहीत. मी नको म्हणाले असते तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण मांडवात त्या बायका हसत होत्या ना, तेव्हा मला बाबांची दया आली नव्हती. लाज वाटली होती. वाटत होतं, गप बसावं यांनी, आत जावं. पुढे जाऊन त्यांचं मुंडासं नीट करावं असं सुद्धा मला वाटलं नाही. जीपमध्ये सासरे म्हणाले काढून टाका, तेव्हा मला बरं वाटलं.

तुम्हाला पत्र लिहिलं ते म्हणूनच. तुम्ही एक जरी जागा दाखवली असती, तरी मला म्हणता आलं असतं की मी मान हलवली तरी बाबा पुरते गेले नाहीत. तुमच्या लेखावर माझा भरवसा बसला होता. तुम्ही तुमच्याकडे घेतलंत, भाऊंकडे घेतलंत, तेवढं सगळं तुमचं नाही. भाऊंना सांगा, मी पुन्हा आले तर पडद्यामागे बसू नका म्हणावं. त्यांच्या चपला दाराशीच होत्या.

हे मी कुणाला बोललेले नाही. यांनाही नाही. तुम्हाला का सांगते माहीत नाही. तुम्ही लांब आहात म्हणून असेल.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बाबा जुन्नरला आले होते, नव्या भाताचे पोहे घेऊन. सासरे घरी नव्हते. म्हणाले, "रत्ने, ती कॅशेट लाव की." मी लावली. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत, टीव्हीच्या पुढ्यात खाली बसले. मी तीन तास स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत राहिले. मधून मधून ते हाक मारायचे, "आमी कवा येनार गं?" मी आतूनच सांगायचे, पुढे आहे, पुढे आहे. आई आली की हसायचे, मामा आले की नावाने हाक मारायचे. कॅसेट संपली, टीव्हीवर मुंग्या आल्या, तरी बसूनच होते. मग मी बाहेर आले. माझ्याकडे बघितलं त्यांनी. आणि उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "आमी त्या दिशी लई हाललो आसन गं पोरी. म्हनून नाय आलो त्यात."

चहा घेतला आणि चारच्या एसटीने गेले.

रत्ना